अठ्ठावीस आसनांचे एकच जहाज

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र हाती आले, तेव्हा आमच्याकडून शाळेच्या वाटचालीचा आढावा अपेक्षित असणार, हे आम्ही जाणून होतो. इतिहासाच्या शिक्षकाने सनावळ्या मांडाव्यात, ही अपेक्षा गैरही नाही. तथापि संस्थेच्या स्थापनेपासूनचा वृत्तान्त आमच्याहून अधिक अधिकारी मंडळी याच अंकात लिहीत आहेत. म्हणून आम्ही जो विषय निवडला आहे, तो दूरच्या देशातील आणि वरकरणी अगदी किरकोळ आहे. जपानमध्ये १९९० साली लोकांसमोर आलेल्या एका व्हिडिओ गेमविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. निवासी शाळेच्या स्मरणिकेत व्हिडिओ गेमचे काय प्रयोजन, असा प्रश्न पालकांच्या मनात येईल. लेख शेवटपर्यंत वाचून मग निर्णय द्यावा, एवढीच विनंती.

हा विषय आमच्यापर्यंत आला तो शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्यामुळे. तो सध्या नोकरीनिमित्त जपानमध्ये असतो. सुट्टीत गावी आला असता शाळेत आला आणि नववीच्या वर्गाशी तासभर बोलला. मुलांनी भूकंपाविषयी विचारले, बुलेट ट्रेनविषयी विचारले आणि अखेर जे विचारायचे होते ते विचारले : तिकडची मुले कोणते गेम खेळतात? तेव्हा त्याने कार्यालयातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याची आठवण सांगितली. तो सहकारी लहानपणी वडिलांबरोबर ओसाकाच्या प्रदर्शनात गेला होता आणि तेथे अठ्ठावीस माणसे एकाच वेळी एकाच अवकाशयानात बसून खेळत, असा एक खेळ त्याने खेळला होता. यान वाचले की सगळे वाचत, बुडाले की सगळे बुडत. वर्ग एकदम शांत झाला. मोबाईलवर एकेकट्याने खेळणाऱ्या पिढीला ही गोष्ट नवलाची वाटली. आम्हांसही वाटली. पुढे काही महिने सवड मिळेल तसे आम्ही या खेळाविषयी वाचत गेलो.

त्या खेळाचे नाव ‘गॅलेक्सियन थ्री’. तो तयार केला नॅमको या जपानी कंपनीने. या कंपनीची सुरुवात १९५५ साली मासाया नाकामुरा यांनी केली, तीही एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर लहान मुलांना झुलवणारे यांत्रिक घोडे ठेवून. घोड्यांपासून अवकाशयानापर्यंतचा हा पस्तीस वर्षांचा प्रवास समजून घ्यावयाचा, तर नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो.

संगणकावरील अवकाशयुद्धाचा पहिला प्रसिद्ध खेळ ‘स्पेसवॉर’ हा १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. तो दोघांचा खेळ होता. समोर माणूस असल्यावाचून त्यात मौज नव्हती. पुढे हे खेळ बाजारात आले आणि नाण्यावर चालू लागले, तसे यंत्राने माणसाच्या प्रतिस्पर्ध्याची जागा घेतली. १९७८ साली तैतो कंपनीचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ आला. तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या या खेळात वरून शत्रूंच्या रांगा खाली सरकत येत आणि खाली एकच तोफ त्यांना तोंड देई. पडद्यावर सर्वोच्च गुणांचा आकडा सतत दिसत राही. त्या आकड्याला ओलांडणे, हेच खेळणाऱ्याचे ध्येय. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, नॅमकोने ‘गॅलेक्सियन’ आणला. त्यातील शत्रू रंगीत होते आणि रांग मोडून अंगावर झेपावत. मांडणी मात्र तीच राहिली. एक यंत्र, एक नाणे, एक माणूस, त्याचे स्वतःचे तीन ‘जीव’ आणि त्याचे स्वतःचे गुण. एका यंत्रावर दोघांना खेळता येई, पण पाळीपाळीने. एक खेळत असताना दुसरा बाजूला उभा राही, आणि पहिल्याचा जीव गेला की मगच दुसऱ्याची पाळी येई.

त्याच काळात लेसरडिस्क हे साधन पुढे आले. आजच्या विद्यार्थ्यांनी ती पाहिलेली नाही, म्हणून तिचे वर्णन करतो. तीस सेंटिमीटर व्यासाची, ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी, आरशासारखी चकचकीत अशी ही तबकडी १९७८ च्या अखेरीस अमेरिकेत विक्रीला आली. तिच्या पृष्ठभागाखालील सूक्ष्म खळगे लेसर किरणाने वाचले जात आणि त्यांतून चित्र व ध्वनी उमटत. तिच्या एका प्रकारात एका बाजूवर तीस मिनिटांचे, म्हणजे ५४,००० चित्रचौकटींचे दृश्य मावत असे, आणि प्रत्येक चौकटीला स्वतंत्र क्रमांक असे. पुस्तकातील हवे ते पान उघडावे, तशी हवी ती चौकट यंत्राला काढता येई. संगणक अजून ठिपक्यांची चित्रे काढण्यात गुंतला होता, त्या काळात चित्रपटाच्या तोडीची दृश्ये खेळात आणण्याचा हा एक मार्ग होता. १९८३ साली सेगा कंपनीच्या ‘ॲस्ट्रॉन बेल्ट’ने आणि डॉन ब्लूथ यांच्या व्यंगपटशैलीतील ‘ड्रॅगन्स लेअर’ने लेसरडिस्कचे खेळ लोकप्रिय केले.

परंतु या सोयीत एक अडचण दडलेली होती. तबकडीवरचे दृश्य आधीच चित्रित झालेले असे. खेळणाऱ्याने काहीही केले तरी मागचा डोंगर, दरी, तारा जेथे असावयाचा तेथेच असे. वाट आधीच ठरलेली आणि त्या वाटेवर स्वार होऊन समोर येईल त्याला तोंड देणे, एवढेच त्याच्या हाती. त्यामुळे थोडा काळ गाजून यांतील बरेच खेळ मागे पडले. गॅलेक्सियन थ्रीच्या रचनाकारांनी हे बंधन मान्य करूनच खेळ रचला. मागचे भव्य देखावे लेसरडिस्कवरून येत आणि त्यांवर शत्रूची याने संगणक त्या त्या क्षणी रेखाटत असे. यानाचे सुकाणू कोणाच्याही हाती नव्हते. प्रत्येकाच्या हाती एक तोफ होती.

१९९० साली १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात ओसाका शहरातील त्सुरुमी र्‍योकुची उद्यानात आंतरराष्ट्रीय उद्यान व हरित प्रदर्शन भरले. सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिले. निसर्ग आणि मानव यांचे सहजीवन हा प्रदर्शनाचा विषय. फुलांच्या त्या मेळ्यात अवकाशयुद्धाचा खेळ असावा, यात विसंगती आहे खरी. तरीही सहजीवनाचा एक धडा त्या युद्धखेळातही होता, असे आमचे मत आहे. त्या दालनात अठ्ठावीस आसने होती आणि सभोवार वर्तुळाकार पडदा होता. सोळा प्रोजेक्टर मिळून त्यावर एक अखंड अवकाश उभे करीत. कथा साधी होती. ‘कॅनन सीड’ नावाचे महाकाय अस्त्र पृथ्वीचा नाश करू पाहत आहे आणि ‘ड्रॅगून’ नावाचे यान ते नष्ट करण्यास निघाले आहे. तिकीट काढून रांगेत उभे असलेले अठ्ठावीस अनोळखी लोक, कोणी आजोबा, कोणी शाळकरी मुलगी, कोणी कचेरीतला कारकून, आत जाऊन बसत आणि काही मिनिटांपुरते त्या यानाचे तोफची होत.

या खेळाचे मर्म त्याच्या भव्य पडद्यात नाही, एका छोट्या नियमात आहे. प्रत्येकाचे गुण वेगळे मोजले जात, परंतु यानाची ऊर्जा एकच होती. शत्रूचा मारा यानावर झाला की ती सर्वांची मिळून घटे. ती संपली की खेळ सर्वांसाठी संपे. उत्तम नेमबाजासाठी आणि तोफेचा दांडा पहिल्यांदाच धरणाऱ्यासाठी, एकाच क्षणी. अनेकांनी एकत्र खेळण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. १९८५ सालच्या अटारी गेम्सच्या ‘गाँटलेट’मध्ये चौघे जण एकाच यंत्रापुढे उभे राहून खेळत. पण तेथे प्रत्येकाची प्राणशक्ती वेगळी होती आणि ती ओसरू लागली की ज्याने त्याने आपापले नाणे टाकून वाढवायची. ज्याच्या खिशात नाणे नाही, तो बाहेर. बाकीचे पुढे जात. चौघे एकत्र चालत होते एवढेच. त्यांचे जगणे-मरणे एकत्र नव्हते. गॅलेक्सियन थ्रीने ते एकत्र केले.

आम्ही ही माहिती नववीच्या वर्गात सांगितली आणि पुढे जे घडले, त्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. आम्ही सुचविले की याच धर्तीवर एक प्रश्नमंजूषा घेऊ. सात-सात मुलांचे एक ‘यान’, प्रत्येक यानाला दहा गुणांची सामायिक ऊर्जा. नियम मात्र मुलांनीच ठरवावेत. लगेच एक मुलगा म्हणाला, चुकीच्या उत्तराला एक ऊर्जा कापावी. परीक्षेची सवय असलेल्या मुलांना हा नियम न्याय्य वाटला आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, त्या खेळात नेम चुकला तर ऊर्जा कमी व्हायची का?” नाही, आम्ही सांगितले. कितीही वेळा तोफ डागावी, नेम चुकल्याबद्दल शिक्षा नव्हती. शत्रूला कोणीच अडवले नाही आणि त्याचा मारा यानावर आला, तरच ऊर्जा घटत असे. त्यावर ती म्हणाली, “मग आपणही तसेच करू. चुकले तर काही कापायचे नाही. सातांपैकी कोणालाच उत्तर आले नाही, तरच कापायचे.”

वर्गात बराच वेळ चर्चा झाली. एका हुशार मुलाची तक्रार अशी की, असे केल्यास एकटा उत्तरे देईल आणि सहा जण बसून राहतील. ही शंका खोटी नव्हती. सामायिक कामात अंग काढून घेणारे असतातच. आम्ही त्याला त्या पडद्याची आठवण दिली. पडदा सभोवार होता. माणसाचे डोळे पुढेच असतात. कितीही तरबेज असला तरी सभोवारचे अवकाश एकट्याला एका वेळी दिसणे शक्य नव्हते. ज्या बाजूचा माणूस स्वस्थ बसेल, त्या बाजूने मारा येणार. म्हणून प्रश्नही सर्व बाजूंचे हवेत, असे वर्गानेच ठरविले. इतिहासाचे, शेतीचे, गाण्यांचे, स्वयंपाकाचे, नकाशाचे. आणि वैयक्तिक गुण? तेही मोजावेत, पण फळ्यावर शेवटी लिहावेत, असे ठरले. यान तरल्यावर.

त्या वर्गात एक विद्यार्थी होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. चौथीपर्यंत वर्षातील जवळपास सहा महिने तो फडावरच असे. शाळा सुटे, पुन्हा धरली जाई, पुन्हा सुटे. आमच्याकडे तो आठवीत आला. लिहिणे हळू, बोलणे त्याहून हळू. वर्गात त्याने हात वर केल्याचे आम्ही पाहिले नव्हते. प्रश्नमंजूषेत त्याच्या यानाला विचारले गेले : बर्लिनची भिंत कोणत्या साली पडली? दोघांनी दोन साले सांगितली, दोन्ही चुकली. कापले काहीच गेले नाही. वेळ संपत आली, तेव्हा त्याने बसल्या जागेवरूनच म्हटले, “एकोणीसशे एकोणनव्वद.” उत्तर बरोबर होते. पुढच्या प्रश्नालाही तो बोलला. ते चुकले, तरी त्याच्याकडे कोणी रागाने वळून पाहिले नाही. उसाच्या बेण्याविषयीचा प्रश्न आला, तेव्हा तर यानातील सहाही जण त्याच्याकडेच वळले.

या प्रसंगाचे आम्ही मोठे भांडवल करीत नाही. एका तासाने कोणाचे आयुष्य पालटत नसते आणि तो मुलगा आजही वर्गात कमीच बोलतो. परंतु त्या दिवसापासून आमच्या मनात एक प्रश्न घर करून आहे. चुकण्याची किंमत एकट्याने भरावयाची असेल, तर गप्प राहणे हेच शहाणपण ठरते; आणि ज्याच्या गाठीशी कमी, त्याला ती किंमत सर्वांत जड जाते. आपल्या शाळेत येणारी निम्म्याहून अधिक मुले घरातील पहिलीच शिकणारी असतात. त्यांच्यापाशी तीन जीवांचे नाणे नसते. त्यांचा नेम दहादा चुकणार आहे आणि अकराव्यांदा लागणार आहे, हे गृहीत धरून त्यांच्यासाठी आसन राखणारे यान कोणी तरी आधी बांधावे लागते. निवासी शाळा म्हणजे दुसरे काय असते? पहाटेची एकच घंटा, एकाच पातेल्यातील आमटी, परीक्षेच्या काळात एका दिव्याखाली उघडलेली चार पुस्तके, आणि एकाला ताप आला की रात्रभर जागी असलेली खोली. गुणपत्रिका प्रत्येकाची वेगळी असते. ती मिळेपर्यंत तग धरण्याची ऊर्जा मात्र सर्वांची मिळून असते.

आता त्या यानाचे पुढे काय झाले, तेही सांगणे इतिहासाच्या शिक्षकाचे कर्तव्य आहे. प्रदर्शन संपल्यावर अठ्ठावीस आसनांचे ते यंत्र टोकियोच्या फुताको-तामागावा भागात नॅमकोने १९९२ साली उघडलेल्या ‘वंडर एग्ज’ या मनोरंजन उद्यानात नेण्यात आले. एवढे मोठे यंत्र सामान्य दुकानांत मावणारे नव्हते, म्हणून ‘थिएटर सिक्स’ नावाची सहा आसनांची, दोन भव्य पडद्यांची आवृत्ती निघाली. १९९४ मध्ये तिच्यासाठी ‘ॲटॅक ऑफ द झोलगिअर’ हा दुसरा खेळ आला. १९९६ साली घरच्या प्लेस्टेशनवर हे दोन्ही खेळ मिळू लागले, आणि तेथे खेळणाऱ्यांची संख्या जास्तीत जास्त चार झाली. अठ्ठाविसाचे सहा झाले, सहाचे चार झाले. वंडर एग्ज २००० सालच्या अखेरीस बंद पडले. लेसरडिस्क चालविणारी यंत्रे बनविणे पायोनियर कंपनीने २००९ मध्ये थांबविले. तबकड्यांचेही आयुष्य अमर नव्हते. काहींच्या आतील ॲल्युमिनियमचा थर गंजत जातो आणि चित्रावर ठिपके पडू लागतात. जुन्या यंत्रांचे शौकीन अशा तबकड्या आणि आसने सांभाळण्याची धडपड करीत असतात. त्यांच्या चिकाटीविषयी आम्हांस आदर आहे.

तरीही एक गोष्ट कोणत्याही तबकडीवर नव्हती आणि म्हणून तिची प्रतही निघणे शक्य नाही. देखावे तबकडीवर होते, नियम संगणकात होते. परंतु उजव्या बाजूच्या अनोळखी माणसाने आपल्याकडे येणारा मारा परतविला, हे कळल्यावर जे वाटले असेल, ते फक्त त्या अठ्ठावीस जणांपाशी होते. प्रदर्शनाच्या कागदपत्रांत प्रेक्षकांचा आकडा सापडतो, दालनाचा आराखडा सापडतो. शेजारच्या आसनावर कोण होते, याची नोंद कोणी ठेवीत नाही. ओसाकाच्या त्या मुलाला मात्र तीस वर्षांनंतरही ते आठवत होते, आणि कार्यालयातील भारतीय सहकाऱ्याला सांगावेसे वाटले, म्हणूनच ते महाराष्ट्रातील एका नववीच्या वर्गापर्यंत पोहोचले.

स्मरणिकांचेही असेच होत असते. या अंकात उत्तीर्णांच्या याद्या असतील, इमारतींची छायाचित्रे असतील, मोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांचे परिचय असतील. हे सारे असलेच पाहिजे. फळ्यावरचे गुण पुसावेत, असे आमचे म्हणणे नाही. तो आनंद कष्टाने मिळविलेला आहे आणि अनेक घरांत तो पहिल्यांदाच आलेला आहे. परंतु ज्या दिवसांत आपली ऊर्जा संपत आली होती, त्या दिवसांत मारा कोणी परतविला, हेही लिहून ठेवावयास हवे. गणित समजावून देणारा खोलीतला मित्र पुढे कदाचित दहावीतच थांबला असेल. आपली वही उतरवून देणारी मैत्रीण आज गावी शेतात कामाला जात असेल. भाकरीचा वाढीव तुकडा हळूच ताटात टाकणाऱ्या स्वयंपाकघरातील मावशींचे नाव कोणत्याच यादीत नसेल. यान तरले, त्यात त्यांचा वाटा होता.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस आमची एक व्यवहार्य विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयात आम्ही एक कोरी नोंदवही ठेवली आहे. शाळेत याल तेव्हा तीत आपले नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष लिहावेच. पण त्याखाली आपल्या शेजारच्या खाटेवर कोण होते, त्याचे किंवा तिचे नाव आणि गाव लिहावे, आणि त्यांनी आपल्यासाठी केलेली एखादी गोष्ट दोन ओळींत नोंदवावी. येणे न जमल्यास पत्राने कळवावे; नववीची मुले सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतील. पहिल्या पानावरची नोंद त्या ऊसतोड कामगाराच्या मुलाने केली आहे. त्याने त्या प्रश्नमंजूषेतील सहाही जणांची नावे लिहिली आहेत.